‘ही नोकरी का हवी?’ या प्रश्नाला उत्तर देताना या चुका टाळा

कामाच्या प्रश्नांवर आपल्याकडची मुलं सहसा अडत नाहीत. आयटीआय झालेला फिटर व्हर्नियरचं माप बरोबर सांगतो. कृषी पदविका झालेली मुलगी बोंडअळी आणि कामगंध सापळ्यांवर न थांबता बोलते. पण ‘इथेच का यायचंय?’ विचारलं की मान खाली जाते, नाहीतर यूट्यूबवरून पाठ केलेलं इंग्रजी सुरू होतं. ते इंग्रजी मुलाखत घेणाऱ्याने सकाळपासून अनेकदा ऐकलेलं असतं. मराठी चालत असेल तर मराठीतच बोला.

सगळ्यात जास्त ऐकू येणारं उत्तर म्हणजे ‘घरची परिस्थिती बेताची आहे, कोणतंही काम करीन.’ ते खरं असतं आणि ते सांगण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण त्यातून तुम्ही कामाला कसे आहात हे समोरच्याला कळत नाही. त्याच घरात, त्याच वावरात तुम्ही जे शिकलात ते सांगा. जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, मुलाखत असेल तर असं बोलता येईल:

‘आमची कपाशी आहे. सीसीआयच्या सरकारी कापूस खरेदी केंद्रावर गाडी मीच नेतो. ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात आणि १२ च्या वर गेला तर माल घेत नाहीत. म्हणून घरी कापूस वाळवतो, खराब बोंडांचा कवडी कापूस वेगळा काढतो. प्रतवारीचं काम नीट शिकायचंय, म्हणून इथे अर्ज केला.’

या उत्तरात गरिबीचा शब्दही नाही, तरी मुलगा कष्टाचा आहे हे कळतं.

दुसरी चूक पोलीस भरतीची. बारावीनंतरची दोन-तीन वर्षं १६०० मीटर, गोळाफेक आणि अभ्यासिकेत गेलेली असतात आणि मुलं ती लपवतात. बायोडाटातली ती रिकामी जागा लगेच दिसते. समोरच्याची भीती एकच असते, पुढची जाहिरात निघाली की हा नोकरी सोडून जाईल. शिपाई पदासाठी खुल्या प्रवर्गाला साधारण २८ आणि मागास प्रवर्गाला ३३ वर्षांपर्यंत अर्ज करता येतो, हे त्यालाही माहीत असतं. तेव्हा सरळ सांगा: भरतीची तयारी केली, निवड झाली नाही, पहाटे उठायची आणि वेळ पाळायची सवय लागली, आता या कामात राहायचं ठरवलंय. मनात अजून भरतीच असेल तर मात्र ‘ठरवलंय’ म्हणू नका. थोड्या मुदतीचं कंत्राटी काम बघा, तिथे हा प्रश्न इतका आड येत नाही.

‘पाच वर्षांनी कुठे असाल?’ याला ‘मॅनेजर’ किंवा ‘तुमच्या खुर्चीत’ असं उत्तर देऊ नका. त्या जागेवरून पुढची पायरी कोणती, हे आधी तिथल्याच एखाद्या कामगाराला विचारा. बुटीबोरीच्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागणाऱ्याने ‘मशीन स्वतंत्र चालवायचं, मग लाइन सांभाळायची’ म्हटलं तरी पुरे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यांना पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. पण शिफ्ट सांभाळून ते जमणार असेल तरच बोला.

फिल्डवरच्या नोकरीत आणखी एक प्रश्न हमखास येतो: तालुकाभर फिराल का? मुलींना तर तो खोदून विचारतात. दुचाकी, लायसन्स आणि मुक्कामाची सोय हे घरी आधीच बोलून घ्या, म्हणजे ‘विचारून सांगते’ म्हणायची वेळ येणार नाही.