जोडबंगल्याचा नकाशा: सुरुवात सामाईक भिंतीपासून

नाशिक, पुणे किंवा कोल्हापूरच्या वाढत्या उपनगरांत 'ट्विन बंगलो' म्हणून जी घरे बांधली जातात, त्यांत दोन घरांची एक बाजू एकमेकांना चिकटलेली असते आणि प्रत्येक घराला उरलेल्या तीन बाजूंनीच उजेड आणि वारा मिळतो. स्वतंत्र बंगल्याचा नकाशा घेऊन त्याची एक बाजू बंद केली की जोडबंगला तयार होतो, असा समज बराच रूढ आहे. तो दूर ठेवावा आणि नकाशाचे काम सामाईक भिंतीपासून सुरू करावे, कारण त्या भिंतीला लागून काय ठेवायचे हे एकदा ठरले की बाकीच्या बहुतेक खोल्यांच्या जागा आपोआप ठरत जातात.

उदाहरणासाठी ३० फूट रुंद आणि ५० फूट खोल असा, उत्तरेला रस्ता असलेला अर्धा भूखंड घेऊ. समोर १० फूट, मागे ५ फूट आणि मोकळ्या बाजूला ५ फूट सामासिक अंतर (हद्दीपासून बांधकामापर्यंतची मोकळी जागा) सोडले, तर बांधकामासाठी २५ × ३५ फुटांची जागा उरते. ही अंतरे भूखंडाचे क्षेत्र, रस्त्याची रुंदी आणि स्थानिक नियम यांप्रमाणे बदलतात, म्हणून पहिली रेघ ओढण्यापूर्वीच ती महापालिकेकडून किंवा परवानाधारक वास्तुविशारदाकडून पक्की करून घ्यावीत.

समोरून मागे जाणाऱ्या या ३५ फूट लांबीचे पुढचा, मधला आणि मागचा असे तीन भाग करून पाहावेत. सामाईक भिंतीलगतच्या पुढच्या खोलीला रस्त्याकडून उजेड मिळतो, मागच्या खोलीला मागील अंगणाकडून मिळतो, मधला भाग मात्र अंधारा राहतो. तिथे शयनगृह घातले तर दिवसाही दिवा लावावा लागेल, आणि स्वच्छतागृह घातले तर त्याला बाहेरची खिडकी मिळणार नाही. त्या जागी जिना घालणे सर्वांत सोयीचे असते. जिन्याच्या डोक्यावरच्या खोलीला वर काचेचे तावदान आणि बाजूला झरोके ठेवले, तर उजेड थेट तळमजल्यापर्यंत उतरतो आणि तापलेली हवा वरून निघून जाते. शेजाऱ्यांचाही जिना त्याच ठिकाणी असेल, तर पावलांचा आवाज कोणाच्याच झोपेच्या खोलीत जात नाही.

जिन्याचे गणित मात्र कागदावर नीट मांडावे, कारण नकाशातली जागा सर्वाधिक वेळा इथेच कमी पडते. एका मजल्याच्या फरशीपासून वरच्या मजल्याच्या फरशीपर्यंत ३ मीटर उंची धरली, तर १८ उंच्या (पायऱ्यांचे उभे चढ) होतात आणि प्रत्येक पायरी सुमारे १६७ मिलिमीटर चढते. मध्ये वळणारा जिना घेतल्यास प्रत्येक टप्प्यात २५० मिलिमीटर रुंदीच्या ८ पायऱ्या, म्हणजे २ मीटर, त्यापुढे ०.९ मीटरचे लँडिंग (वळणाची सपाट जागा, जिथे त्या टप्प्याची नववी उंची संपते) आणि चढण्यापूर्वी उभे राहायला तेवढीच जागा, अशी एकूण ३.८ मीटर, म्हणजे साधारण साडेबारा फूट लांबी लागते. रुंदी सव्वासहा फूट धरावी. राष्ट्रीय इमारत संहिता निवासी इमारतीत १९० मिलिमीटरपर्यंत चढ चालवून घेते, परंतु घरात गुडघेदुखीची माणसे असतील (आणि पुढे-मागे ती असणारच) तर १५० मिलिमीटर चढाच्या २० उंच्या आणि २८० मिलिमीटरच्या पायऱ्या घ्याव्यात. त्यासाठी सुमारे अर्धा मीटर जास्त लांबी द्यावी लागते, आणि ती बैठकीच्या खोलीतून कापून देण्यातही नुकसान नाही.

आता दिशेकडे वळू. बांधकाम व्यावसायिक बहुधा एकच नकाशा काढतो आणि दुसऱ्या घरासाठी तो आरशात पाहिल्यासारखा उलटवतो. मांडणीच्या दृष्टीने ते सोपे असले, तरी ऊन उलटवता येत नाही. आपल्या उदाहरणात एका घराची मोकळी बाजू पूर्वेला आणि दुसऱ्याची पश्चिमेला येते. पूर्वेच्या घराने मोकळ्या बाजूच्या मधल्या भागात स्वयंपाकघर आणि जेवणाची जागा घ्यावी, म्हणजे सकाळचे ऊन ओट्यावर येते आणि दुपारनंतर तिथे सावली असते. पश्चिमेच्या घराने हीच मांडणी ठेवली, तर एप्रिल-मेमध्ये संध्याकाळचा स्वयंपाक तापलेल्या भिंतीजवळ उभे राहून करावा लागतो. या घराच्या पश्चिम भिंतीला स्वच्छतागृहे, कोठीची खोली आणि धुणे-भांड्यांची मोरी घालावी, स्वयंपाकघर मागच्या बाजूला न्यावे आणि पश्चिमेच्या खिडक्या लहान ठेवून त्यांच्यावर खोल सज्जा द्यावा. त्या पूर्णपणे बंद करू नयेत, कारण पठारावर उन्हाळ्याच्या संध्याकाळी गार वारा बहुतेक वेळा त्याच बाजूने येतो.

दोन्ही घरांचे नकाशे असे वेगळे झाले की भिंतीपलीकडे काय आहे, हे तपासणे आवश्यक ठरते. दोन्ही नकाशे एकाच कागदावर, एकाच प्रमाणात शेजारी-शेजारी काढून घ्यावेत. एका घराच्या देवघराच्या मागे दुसऱ्याचे शौचालय येते का, आपल्या पलंगाच्या उशापाशी त्यांचा दूरदर्शन संच टांगला जाणार आहे का, हे त्या एका कागदावर लगेच दिसते. शयनगृहाची भिंत सामाईक येतच असेल, तर तिच्यावर पूर्ण उंचीची कपाटे घ्यावीत. पाण्याचे किंवा सांडपाण्याचे पाइप त्या भिंतीत कधीही गाडू नयेत, कारण गळती एका घरात होते आणि ओल दुसऱ्या घरात उमटते, मग भिंत कोणी फोडायची यावरून वर्षानुवर्षे बोलणे बंद राहते.

ती भिंत एकच नऊ इंची असावी, की प्रत्येकाची स्वतंत्र असावी? माझे मत स्वतंत्र भिंती आणि स्वतंत्र कॉलम यांच्या बाजूने आहे. त्यात थोडी जागा आणि पैसा जातो, पण आवाज कमी होतो आणि पुढे एकाला मजला चढवायचा किंवा घर पाडून बांधायचे झाले, तर दुसऱ्याचे घर त्यात अडकत नाही. दोन भिंतींमधील फट किती ठेवायची हे संरचना अभियंत्याने ठरवावे. गच्चीवर ती फट झाकायला विसरू नये, उघडी राहिली तर पावसाळ्याचे पाणी तिच्यातून दोन्ही घरांच्या जोत्यापर्यंत उतरते. हद्दीवरच्या कॉलमचा पाया एका बाजूला पसरू शकत नाही, म्हणून दोन्ही घरांची खोदाई शक्यतो एकदमच करावी. काळ्या मातीच्या जमिनीत तर याबाबत हयगय नकोच. भिंत, पाया आणि भविष्यातील वाढीव बांधकाम यांविषयीचा करार नोंदणीकृत करून ठेवावा.

खोल्यांची मापे ठरवताना संहितेतील किमान मापे तळरेषा समजावीत. राहण्याच्या खोलीसाठी ९.५ चौरस मीटर क्षेत्र आणि २.४ मीटर रुंदी, तर एकत्रित स्वच्छतागृहासाठी २.८ चौरस मीटर असा तो आकडा आहे. ११ × १२ फुटांच्या खोलीत साडेसहा फुटांचा पलंग ठेवून दोन्ही बाजूंनी दोन-अडीच फूट वाट राहते. खिडक्यांचे क्षेत्र कोरड्या उष्ण हवेत फरशीच्या एक-दशांश आणि दमट उष्ण हवेत एक-षष्ठांश असावे. याच खोलीला सोलापुरात ४ × ४ फुटांची एक खिडकी पुरते, रत्नागिरीत तेवढ्याने भागणार नाही. तळमजल्यावर एक शयनगृह आणि त्याला लागून तीन फुटी दाराचे स्वच्छतागृह असावेच.

गाडीचा विचार बहुधा शेवटी होतो आणि मग ती रस्त्यावरच उभी राहते. समोरच्या १० फुटांत छोटी गाडीही सरळ मावत नाही. म्हणून तळमजल्याचा मोकळ्या बाजूचा पुढचा कोपरा १० × ८ फुटांनी आत घ्यावा आणि त्यावर वरच्या मजल्याची खोली काढावी. आता गाडीला १८ फूट लांबीची जागा मिळते, आणि बाजूच्या मोकळ्या पट्ट्यामुळे गाडीचे दार पूर्ण उघडून शिवाय दोन दुचाकीही लागतात.

वरच्या मजल्यावरील स्वच्छतागृहे खालच्यांच्या बरोबर वर ठेवावीत आणि त्यांचे पाइप मोकळ्या बाजूच्या भिंतीवरून उघडे उतरवावेत. गच्चीचा उतारही त्याच बाजूला द्यावा.

नकाशा मंजुरीसाठी देण्यापूर्वी जागेवर फक्कीने तळमजला पूर्ण मापात आखून घ्यावा. पलंग, सोफा, ओटा, गॅस सिलिंडर, धुण्याचे यंत्र आणि दारांचे पल्ले कुठवर फिरतात, तेही त्यात दाखवावे. मग घरातील सर्वांनी त्या रेघांमध्ये फिरून पाहावे: भाजीची पिशवी घेऊन फाटकापासून ओट्यापर्यंत, आणि रात्री पलंगापासून स्वच्छतागृहापर्यंत. जिथे वळताना रेघेवर पाय पडतो, तिथले माप त्याच दिवशी दुरुस्त करून घ्यावे, कारण तोवर खर्च फक्त फक्कीचा झालेला असतो.