गडग्याचा वाद: हात न उगारता, हद्दही न सोडता

शेजाऱ्याने किंवा सख्ख्या भावाने गडगा, म्हणजे हद्दीची दगडी भिंत, हातभर आत सरकवला, तर त्याच दिवशी जाब विचारायला जाऊ नका. एक चिराही हलवू नका. फोटो काढा, तारीख लिहून ठेवा, एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा कागद) आणि सर्व्हेचा नकाशा मिळवा. ख्रिस्ताची अहिंसा पुरावा टाकून द्यायला सांगत नाही.

मग प्रार्थना, समोरच्याचे नाव घेऊन. ‘त्याला धडा शिकव’ असे मात्र मागू नका. बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा १२वा अध्याय सूड देवावर सोपवायला सांगतो. तो खरोखर सोपवला की आपल्याकडे फक्त तक्रार उरते, आणि ती शांतपणे मांडता येते.

पुढचा क्रम मत्तय १८:१५-१७ मध्ये आहे. आधी दोघांनीच एकांतात बोलायचे. बहुतेकांचे इथेच बिनसते: वाड्यावर बोभाटा होतो, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फिरतो आणि ज्याच्याशी बोलायचे त्यालाच शेवटी कळते. चारचौघांत नाक कापले गेल्यावर चूक कोण कबूल करणार? लादाइनीच्या (सामूहिक प्रार्थनेच्या) संध्याकाळी किंवा कोणी प्यालेले असताना विषय काढू नका. सकाळी जा आणि म्हणा, ‘‘नकाशात हद्द माडाच्या पलीकडे दिसते, गडगा अलीकडे आलाय. दोघे मिळून मोजूया?’’ ‘तू जमीन चोरलीस’ म्हटलेत की बोलणे तिथेच खुंटले.

ऐकले नाही तर एक-दोघांना सोबत न्या. त्यातला एक तरी त्याला मानवणारा हवा. त्यानंतर फादर आणि चर्चची मंडळी. तिथेही अडले तर त्याला जकातदारासारखा, म्हणजे लोक दूर ठेवत तशा माणसासारखा, समजा, असे वचन आहे. पण येशू जकातदारांच्या पंगतीला बसला होता, म्हणून लग्न-मयताला जाणे तोडू नका.

दुसरा गाल पुढे करणे म्हणजे मुकाट मार खाणे, हा गैरसमज फार नुकसान करतो. मत्तय ५:३९ मध्ये उजवा गाल म्हटला आहे. उजव्या हाताने समोरच्याच्या उजव्या गालावर मारायचे तर पालथा हातच लागतो, आणि तो अपमानाचा फटका. दुसरा गाल पुढे करणारा उलट मारत नाही, पण वाकतही नाही. अनेक अभ्यासक असाच अर्थ लावतात, आणि मला तो पटतो.

घरात मारहाण होत असेल तर हा क्रम लागू नाही. तिथून बाहेर पडा, ११२ला फोन करा.

कोर्टात जाणे म्हणजे विश्वास ढळणे नव्हे. प्रेषित पौलानेही कैसराकडे, म्हणजे रोमन सम्राटाकडे, दाद मागितली होती. जमिनीचा ताबाच गेला असेल तर १९६३च्या स्पेसिफिक रिलीफ कायद्याच्या कलम ६ खालचा दावा सहा महिन्यांत करावा लागतो. म्हणून एकांतातल्या बोलण्याला दोन-तीन आठवडे द्या, वर्ष नको. मोजणीला दोघांनी हजर राहा, हद्दीचा दगड दोघांदेखत बसवा, कागदावर त्याच दिवशी सह्या घ्या आणि गडगा त्यानंतरच रचा.