थंडीत झाडावर काय पडलंय, आधी पान उलटून बघा

डिसेंबर-जानेवारीत कुंडीतली मिरची आकसली की लगेच बोकड्या (पानं आकसण्याचा रोग) आला म्हणून उपटून टाकतात, मला फार वाईट वाटतं त्याचं. जरा थांबा, पान कुठे वळलंय ते बघा. कडा वर वळून पान द्रोणासारखं झालं असेल तर बहुतेक फुलकिडे, आणि कडा खाली वळून देठ लांबलेला दिसला तर कोळी, म्हणजे जाळी विणणारा नव्हे, रस शोषणारा अगदी बारीक माईट. शेंड्याखाली पांढरा कागद धरून दोन टिचक्या मारा, बारीक लांबट किडे पळताना दिसले की फुलकिडेच, कोळी बघायला मात्र भिंग लागतं. पानं बारीक पिवळी, गुच्छ झालेला, वाढ बंद, असं असेल तर तो पांढऱ्या माशीने आणलेला व्हायरस, त्याला औषध नाही, ते झाड खरंच उपटा.

फरक कळायलाच हवा कारण फुलकिड्यांची बरीच औषधं कोळ्यावर चालत नाहीत. कोळ्याला पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला 2 ग्रॅम, संध्याकाळी फवारा. हेच गंधक भुरीवरही चालतं. पण कडुनिंबाचं तेल मारलं असेल तर मध्ये दोन आठवडे जाऊ द्या नाहीतर पानं करपतात.

भुरी म्हणजे गुलाब, वाटाणा, भोपळ्याच्या पानावर पिठासारखा पांढरा थर, बोटाने पुसला जातो. जास्वंदीच्या शेंड्याला कापसासारखं चिकट दिसतं ती भुरी नाही, तो पिठ्या ढेकूण, त्याला जुन्या ब्रशने साबणाचं पाणी लावून घासून काढा.

वालावर, शेवंतीवर मावा (रस शोषणारे बारीक मऊ किडे) असतोच, मुंग्यांची रांग दिसली की त्या मागे जा, मावा किंवा पिठ्या सापडतो. आधी पाण्याचा जोरात फवारा, दोन-तीन दिवस सलग, राहिलाच तर कडुनिंबाचं तेल 5 मिली एक लिटर पाण्यात, थोडा लिक्विड साबण घालून, पानाच्या खालून. आणि एक कळकळीची विनंती, माव्यात काळी-केशरी, छोट्या मगरीसारखी अळी फिरताना दिसली तर मारू नका हो, ते लेडीबर्डचं पिल्लू आहे, मावाच खातं, ती दिसली तर त्या फांदीवर काहीच फवारू नका.

बाकी पानं पिवळी पडून झाड मलूल झालंय पण किडा कुठेच नाही, तर मातीत बोट घाला. थंडीत माती लवकर सुकत नाही आणि आपण पाणी उन्हाळ्यासारखंच घालतो, मुळं कुजतात. वरची दोन इंच माती कोरडी झाल्यावरच पाणी द्या, तेही सकाळी.