आरव्ही कॅम्पिंगमधला शेजारधर्म कसा पाळावा: अंगण, मोरी आणि मधली न दिसणारी रेघ

अमेरिकेत आता आपली बरीच मराठी मंडळी लाँग वीकेंडला आरव्ही, म्हणजे आत झोपायची, स्वयंपाकाची, संडासची सोय असलेली घरासारखी गाडी, भाड्याने घेऊन यलोस्टोन, योसेमिटी, ग्रँड कॅनियन अशा नॅशनल पार्कांत जातात, दोन-तीन फॅमिली मिळून जातात, भारतातून आई-बाबा आलेले असले की त्यांनाही नेतात. गाडी देणारे लोक तुम्हाला जनरेटर कसा चालू करायचा, टाकी कशी रिकामी करायची सगळं दाखवतात, पण कॅम्पग्राउंडमध्ये शेजाऱ्याशी कसं वागायचं ते कुणी सांगत नाही.

आम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या ट्रिपला आमची मुलं बाथरूमकडे जाताना शेजारच्या साइटमधून, म्हणजे शेजाऱ्याच्या गाडीसाठी ठरवून दिलेल्या जागेतून, पळत जायची, कारण तो सरळ रस्ता होता. तिथे एक आजी खुर्ची टाकून कॉफी घेत बसायच्या. पहिल्या दिवशी त्या मुलांकडे बघून हसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खुर्ची उचलली, गाडीला वळसा घालून पलीकडच्या बाजूला, सांडपाण्याच्या पाइपाशेजारी नेऊन ठेवली आणि तिथे बसून कॉफी संपवली. एक शब्द बोलल्या नाहीत. मला दुपारी लक्षात आलं की आमच्यामुळे त्या स्वतःच्या अंगणातून उठून मोरीपाशी जाऊन बसल्या होत्या, आणि मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी हे सगळं नीट बघून, विचारून शिकले, तेच इथे क्रमाने लिहितेय.

पायरी १: आधी जागेची रचना समजून घ्या

हे एक कळलं की बाकीचं अर्धं आपोआप कळतं. अमेरिकेत आरव्हीचा दरवाजा आणि ऑनिंग, म्हणजे बाहेर उघडणारं कापडी छप्पर, हे उजव्या बाजूला असतं. वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी डाव्या बाजूला, ड्रायव्हरच्या अंगाला, बहुतेक मागच्या चाकाजवळ. म्हणजे उजवीकडे तुमचं अंगण आणि डावीकडे तुमची मोरी. आता ओळीने गाड्या लागल्या की काय होतं बघा, तुमची मोरी तुमच्या डावीकडच्या शेजाऱ्याच्या अंगणासमोर येते आणि उजवीकडच्याची मोरी तुमच्या अंगणासमोर. मध्ये कुंपण नाही, भिंत नाही, फार तर एखादं झाड किंवा गवताचा पट्टा. पण तिथे एक रेघ आहे, आणि ती सगळे पाळतात.

साइट कुठून कुठपर्यंत हे ओळखायला नंबराचा खांब, पिकनिक टेबल आणि शेकोटीची लोखंडी रिंग बघा. टेबल आणि रिंग ज्याची, ती जागा त्याची. दोन रात्रींचंच भाडं भरलेलं असू दे, तेवढा वेळ ते त्याचं घर आहे.

पायरी २: बुकिंग करतानाच माणसं मोजा

आपल्याकडून चूक बहुतेक इथेच होते. योसेमिटीमध्ये एका साइटवर जास्तीत जास्त ६ माणसं चालतात आणि त्यात लहान मुलंही धरतात, इतर पार्कांतही असाच काही आकडा असतो. तीन फॅमिली, तीन साइट, पण जेवायला सगळे बारा-चौदा जण एकाच टेबलाभोवती, असं झालं की शेजाऱ्याच्या कानाशी मंगल कार्यालय उभं राहतं. एकत्रच राहायचं असेल तर ग्रुप साइट शोधा, पण आधी बघा, योसेमिटीच्या ग्रुप साइट्सवर आरव्ही चालत नाही, फक्त तंबू. काही प्रायव्हेट आणि स्टेट पार्कांत बडी साइट नावाचा प्रकार असतो, त्यात दोन गाड्यांचे दरवाजे समोरासमोर येतात आणि मधलं अंगण दोघांचं होतं, दोन फॅमिलींना ते झकास पडतं. आणि तीन वेगळ्या साइट्स मिळाल्या तर मधल्या साइटवर जेवा, कडेच्या नको, म्हणजे आवाजाच्या दोन्ही बाजूंना आपलीच माणसं येतात.

पायरी ३: उजेडी पोचा, हळू शिरा

आतला वेग ताशी पाच-दहा मैलच ठेवा, लहान मुलं सायकलवर कुठूनही येतात. रिव्हर्स लावताना एकजण मागे आरशात दिसेल असा उभा राहू दे, हाताच्या खुणा आधी ठरवून घ्या, म्हणजे रात्री नऊ वाजता "अरे डावीकडे, डावीकडे, थांब थांब" असा आरडाओरडा होत नाही. दुसरा कुणी गाडी लावत असेल तर त्या वेळी त्याच्याशी बोलायला जाऊ नका, मदतही त्याने मागितली तरच. स्लाइड-आउट, म्हणजे भिंतीचा बाहेर सरकणारा भाग, उघडण्याआधी खाली उतरून डोळ्यांनी बघा, तो बऱ्याचदा डाव्या अंगाला असतो आणि दोन-तीन फूट बाहेर येतो. तुमची सगळी गाडी, स्लाइडसकट, तुमच्या साइटमध्ये बसली पाहिजे.

पायरी ४: मोरीची कामं निगुतीने करा

यावर जरा वेळ घालवते, कारण इथे झालेली चूक शेजाऱ्याच्या नाकापर्यंत जाते. गाडीत सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात, ग्रे म्हणजे सिंक-शॉवरचं पाणी आणि ब्लॅक म्हणजे संडासची. साइटवर सांडपाण्याची जोडणी असेल तर हातमोजे घाला, पाइपाचं टोक गाडीच्या तोंडावर बसवून फिरवा, दोन्ही बाजूचे कान अडकले की नाही ते हलवून बघा. दुसऱ्या टोकाचा वाकडा तुकडा (एल्बो) जमिनीतल्या भोकात आट्यांनी घट्ट फिरवा, नुसता ठेवून चालत नाही, व्हॉल्व्ह उघडला की तो उसळतो आणि मग जे होतं ते शेजाऱ्याच्या अंगणात होतं. ब्लॅकचा व्हॉल्व्ह एरवी बंदच ठेवायचा, टाकी निदान दोन तृतीयांश भरली की उघडायचा. आधी ब्लॅक सोडायची, ती रिकामी झाली की बंद करून मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुतला जातो.

आणि वेळ बघा. डावीकडचे लोक टेबलावर जेवायला बसलेत आणि तुम्ही त्यांच्यापासून दहा-पंधरा फुटांवर ब्लॅक टँक सोडताय, हे करू नका. अर्धा तास थांबा.

योसेमिटी व्हॅलीतल्या कॅम्पग्राउंड्सना किंवा ग्रँड कॅनियनच्या मॅथर कॅम्पग्राउंडला साइटवर जोडण्या नसतात, तिथे डंप स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या सामाईक जागी, जावं लागतं. मागे रांग असते, त्यामुळे हातमोजे, पाइप सगळं आधीच काढून तयार ठेवा, काम झालं की गाडी पुढे घ्या आणि आवराआवर तिथे करा. डंप स्टेशनवर पाइप धुवायचा नळ वेगळा असतो आणि पिण्याच्या पाण्याचा वेगळा. पिण्याच्या नळाला तुमचा सांडपाण्याचा पाइप कधी, कधीही लावू नका, पुढचा माणूस त्याच नळातून त्याच्या बाळाच्या दुधाचं पाणी घेणार आहे.

सार्वजनिक नळाचंही तेच. सकाळी तिथे दात घासणं, चूळ भरणं, कुकर घासणं, तांदूळ धुणं, हे आपल्या हातून सवयीने होतं पण तो नळ फक्त पाणी भरून नेण्यासाठी आहे. तांदळाचं धुवण किंवा भज्यांचं उरलेलं तेल मातीत किंवा शेकोटीच्या रिंगमध्ये ओतायचं नाही. तेल गार करून जुन्या बाटलीत भरा आणि कचऱ्यात टाका, खरकटं पाणी ग्रे टँकमध्ये.

पायरी ५: आवाज, दिवे आणि धूर

नॅशनल पार्कांत रात्री १० ते सकाळी ६ शांततेची वेळ. पातळ भिंतींची गाडी आहे ती, आतलं बोलणं बाहेर ऐकू येतं आणि बाहेरचं आत. अंताक्षरी जरूर खेळा, आम्हीही खेळतो, पण जेवणाआधी, आणि स्पीकर न लावता. दहानंतर जे आवाज खरे टोचतात ते गाण्याचे नसतातच, ते असतात आरव्हीचा दरवाजा धाडकन लागण्याचे, खालच्या सामानाच्या कप्प्याचं झाकण आपटण्याचे, आणि सोबत आणलेल्या कारचं लॉक करताना होणारा पँ असा हॉर्न. कार चावीने किंवा आतल्या बटणाने लॉक करा. ज्याला रात्री बाथरूमला जायचंय त्याने दरवाजा हँडल धरून, दाबून लावायचा, हे मुलांना दिवसा शिकवून ठेवा.

जनरेटरच्या वेळा प्रत्येक पार्कात वेगळ्या असतात, यलोस्टोनमध्ये जिथे चालतो तिथे सकाळी ८ ते रात्री ८. पार्कांचा नियम असाही आहे की ५० फुटांवरून मोजला तर आवाज ६० डेसिबलच्या वर जाता कामा नये. वेळेत बसतंय म्हणून दिवसभर एसी चालू ठेवू नका, फोन आणि बॅटऱ्या चार्ज झाल्या की बंद करा. धुराचं नळकांडं कुठल्या बाजूला आहे तेही बघून घ्या, ते शेजाऱ्याच्या खिडकीसमोर येत असेल तर त्याला विचारून वेळ ठरवा.

ऑनिंगखालचे निळे-जांभळे दिवे झोपताना बंद. ब्राइस कॅनियनला तर लोक खास आकाश बघायला येतात, २०१९ पासून ते अधिकृत डार्क स्काय पार्क आहे, तिथे तुमच्या दिव्यामुळे शेजाऱ्याची आकाशगंगा जाते. हेडलॅम्प डोक्यावर लावून समोरच्याकडे बघत बोलू नका, जमिनीकडे वळवा.

फोडणीबद्दल लोक मला नेहमी विचारतात. माझं स्पष्ट मत आहे की आपलं जेवण लपवायची काही गरज नाही, शेजारी त्यांचं मांस तासन्‌तास भाजतच असतात. फक्त मिरचीची फोडणी आणि मासे तळणं हे वारा बघून करा, ठसका लागेल असा धूर थेट कुणाच्या अंगणात जाऊ देऊ नका. पण अस्वलांचा मुलूख असेल तर मात्र टेबलावर काही म्हणजे काहीही सोडायचं नाही, रिकामं पातेलंसुद्धा. यलोस्टोनच्या फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कला ग्रिझली अस्वलांमुळे तंबूच लावू देत नाहीत, फक्त टणक भिंतींच्या गाड्या. तुमच्या टेबलावरच्या वासाने आलेलं अस्वल तुमच्यापाशीच थांबत नाही, पुढच्या अंगणातही जातं.

पायरी ६: माणसांशी कसं वागायचं

चालायचं ते रस्त्यावरूनच, लांब पडलं तरी. बॉल दुसऱ्याच्या साइटमध्ये गेला तर मुलाने कडेला उभं राहून विचारायचं आणि मगच आत जायचं. आई-बाबांना हे समजावून सांगावं लागतं, कारण आपल्याकडे सकाळी फिरायला निघालं की उघड्या दारात डोकावून "काय, झाला का चहा" विचारणं हा प्रेमाचाच भाग असतो. त्यांना मोठमोठ्या गाड्यांचं कुतूहलही असतं, आत बघावंसं वाटतं, फोटो काढावासा वाटतो. त्यांना सांगा की रस्त्यावरून हात हलवायचा, समोरचा हात हलवून उठला किंवा चार शब्द बोलला तर थांबायचं, तो परत पुस्तकात बघायला लागला तर पुढे चालायचं. पडदे ओढलेले, दार लावलेलं, तर ठोठवायचं नाही. आमच्या बाबांना हे एकदा सांगितलं आणि नंतर त्यांच्याच सगळ्यांत जास्त ओळखी झाल्या.

कुत्र्याला हात लावण्याआधी मालकाला विचारा. स्वतःचा असेल तर नॅशनल पार्कांत दोरी ६ फुटांपेक्षा लांब नको, आणि त्याला एकटं भुंकत सोडून हाइकला जाऊ नका.

समोरचाच नियम मोडत असेल तर एकदा शांतपणे, त्याच्या साइटच्या कडेला उभं राहून सांगा. ऐकलं नाही तर कॅम्प होस्टकडे जा, हे बहुतेक स्वयंसेवकच असतात आणि तिथेच स्वतःच्या आरव्हीत राहतात, असे वाद त्यांना रोजचे असतात.

पायरी ७: मोकळ्या जागेत उलट आणखी लांब राहा

बीएलएमच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या मोकळ्या जमिनीवर बऱ्याच ठिकाणी फुकट राहता येतं, साधारण २८ दिवसांत १४ दिवस. तिथे नंबर नाहीत, टेबलं नाहीत. आपल्याला अनोळखी जागी दुसऱ्या गाडीशेजारी लावली की बरं वाटतं, पण तो माणूस तिथे एकांतासाठी आलेला असतो. त्याचं बोलणं ऐकू येणार नाही इतकं लांब जा. आणि दुकानाच्या पार्किंगमध्ये रात्र काढायची असेल तर आत जाऊन मॅनेजरला विचारा, खुर्च्या, ऑनिंग, स्लाइड काही बाहेर काढू नका, सकाळी निघा.

पायरी ८: निघताना

चेकआउटची वेळ पाळा, पुढचा माणूस गाडी घेऊन रस्त्यावर उभा असतो. सांडपाण्याच्या भोकाचं झाकण लावा. शेकोटीवर पाणी ओता, काठीने ढवळा, परत ओता, हाताला गार लागेपर्यंत. मग सगळ्यांनी एक फेरी मारायची आणि खाली बघायचं, शेंगदाण्याची टरफलं, ब्रेडच्या पिशवीची क्लिप, रबरबँड, बिस्किटाच्या पुड्याचा कोपरा.

उरलेली लाकडं घरी नेऊ नका. लाकडातून किडे एका भागातून दुसऱ्या भागात जातात, २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडलेल्या एमराल्ड अ‍ॅश बोरर नावाच्या किड्याने तेव्हापासून कोट्यवधी झाडं मारलीत, म्हणून लाकडं जिथे जाळायची तिथेच विकत घ्यायची आणि उरली तर शेजाऱ्याला विचारायचं. आमच्या त्या पहिल्या ट्रिपला शेवटच्या सकाळी अर्धा गठ्ठा उरला होता. मुलांना सांगितलं की रस्त्याने जा, त्या आजींच्या नंबराच्या खांबापाशी थांबा आणि तिथूनच विचारा. दोघं लाकडं पोटाशी धरून खांबापाशी उभी राहिली. आजींची खुर्ची अजून पाइपाकडेच होती. त्यांनी मान वळवून बघितलं, उठल्या, खुर्ची उचलून परत ऑनिंगखाली आणली आणि मुलांना हाताने आत बोलावलं.