कामांची यादी सगळ्या उपकरणांवर: सॉफ्टवेअर निवडण्यापूर्वी

फोनवर लिहिलेले काम कार्यालयातल्या संगणकावर आणि घरच्या लॅपटॉपवर तसेच दिसावे, एवढीच बहुतेकांची गरज असते. तरीही सॉफ्टवेअर निवडताना आपली नजर रंगसंगतीवर आणि विजेटवरच खिळते. माझ्या मते पहिली चौकशी शेवटाची करावी: हे सॉफ्टवेअर उद्या बंद झाले, तर यादी बाहेर कशी काढायची? ही भीती उगाच नाही. २०१० साली बर्लिनमधल्या एका कंपनीने आणलेले वंडरलिस्ट हे कामांच्या यादीचे सॉफ्टवेअर पुष्कळ लोकप्रिय झाले, २०१५ मध्ये ती कंपनी मायक्रोसॉफ्टने विकत घेतली आणि ६ मे २०२० रोजी वंडरलिस्ट बंद झाले. याद्या मायक्रोसॉफ्टच्याच टू डू या सॉफ्टवेअरमध्ये हलवण्याची सोय होती खरी, पण घर बदलायचे की नाही हे भाडेकरूला कोणी विचारले नाही.

म्हणून खाते उघडल्याबरोबर, यादीत पाच-सहा कामे असतानाच, ती निर्यात करून, म्हणजे फाइलरूपात बाहेर काढून, पाहावी. टूडूइस्ट हे यादीचे सॉफ्टवेअर सीएसव्ही, म्हणजे साध्या तक्त्याची, फाइल देते आणि ती कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये उघडते. गुगल टास्क्समधली कामे टेकआउट या गुगलच्या डेटा उतरवून घेण्याच्या सेवेतून जेसन या मुख्यतः प्रोग्रामसाठी असलेल्या स्वरूपात मिळतात, जी सामान्य माणसाला वाचायला किचकट वाटतात. ज्यांना यादी स्वतःच्या ताब्यात हवी आहे, त्यांनी वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये कॅलेंडर आणि कामे जुळती ठेवणाऱ्या कॅलडॅव्ह या खुल्या पद्धतीचा विचार करावा: नेक्स्टक्लाउड या स्वतः चालवता येणाऱ्या सर्व्हरवर यादी, अँड्रॉइडवर टास्क्स डॉट ऑर्ग हे कामांचे अ‍ॅप आणि संगणकावर थंडरबर्ड हे ईमेल व कॅलेंडरचे सॉफ्टवेअर अशी जोडणी त्यातून उभी राहते. मांडणीला एखादी सुटी दुपार मात्र द्यावी लागते.

उपकरणांचा प्रश्न लवकर सुटतो. सगळी उपकरणे अ‍ॅपलची असतील तर त्यांत आधीपासून असलेले रिमाइंडर्स पुरेसे आहे, पण अँड्रॉइडसाठी त्याचे अ‍ॅप नाही. कार्यालयात काही इन्स्टॉल करण्याची परवानगी नसेल, तर ब्राउझरमध्ये चालणारेच सॉफ्टवेअर घ्यावे.

खरी परीक्षा सिंकची, म्हणजे सगळ्या उपकरणांवरची यादी एकसारखी ठेवण्याची. फोन विमान मोडवर टाकून एखाद्या कामाचे नाव बदलावे, त्याच वेळी संगणकावर त्याच कामाची तारीख बदलावी आणि मग फोनचे नेटवर्क सुरू करावे. दोन्ही बदल टिकले तर उत्तम; एक बदल गुपचूप नाहीसा झाला, तर जिथे रेंज येते-जाते अशा प्रवासात ते सॉफ्टवेअर भरवशाचे नाही. साध्या मजकूर फाइलमध्ये यादी ठेवून ती सिंकथिंगने, म्हणजे उपकरणांमध्ये फाइली थेट जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरने, फिरवणाऱ्यांना अशा वेळी फाइलची एक जादा प्रत मिळते. काहीच हरवत नाही, पण दोन प्रती हाताने जुळवत बसावे लागते.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या कामांत एक बारीक फरक आहे, ज्याकडे मीही बरेच दिवस दुर्लक्ष केले. वीजबिल तुम्ही उशिरा भरले तरी पुढची तारीख ठरलेलीच असते. पाण्याच्या फिल्टरची कँडल मात्र ज्या दिवशी बदलली, त्या दिवसापासून पुढचे तीन महिने मोजायचे असतात. टूडूइस्टमध्ये इंग्रजीत ‘एव्हरी’ (every) लिहिले तर पहिला हिशेब लागतो आणि त्यालाच उद्गारचिन्ह जोडले तर दुसरा. टास्क्स डॉट ऑर्गमध्येही ही निवड आहे. घरची कामे लिहिणाऱ्याने ही सोय आवर्जून तपासावी.

मराठीत लिहिणाऱ्यांनी ‘उद्या सकाळी’ असे लिहून तारीख आपोआप पडते का ते पाहावे. पडली नाही, तर ती दर वेळी हाताने टाकण्याची आपली तयारी आहे का, हेही ठरवावे. लगोलग ‘वीज’ एवढेच शोधून ‘वीजबिल’ सापडते का तेही बघावे.

राहिली स्मरणाची घंटी. अँड्रॉइडवर बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगमुळे ती कधी कधी उशिरा वाजते, म्हणून त्या अ‍ॅपवरचे बॅटरीचे निर्बंध काढावेत, अर्ध्या तासानंतरचे स्मरण लावावे आणि पडदा बंद करून फोन टेबलावर ठेवून द्यावा. घंटी वेळेवर वाजली, तरच पैसे भरून वर्षाची वर्गणी घ्यावी.