गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपला नियम लावायचे तर असं करा

बेळगावात आमच्या शहापुरातल्या गल्लीचा ग्रुप गणपतीच्या वर्गणीसाठी काढलेला, दीडशेक माणसं, मराठी जास्त पण पाच-सहा कन्नड घरंही आहेत. नियम-बियम काही नव्हते आणि चाललं होतं की. मग एका १ नोव्हेंबरला, म्हणजे इकडं कर्नाटकाच्या स्थापनेचा, राज्योत्सवाचा डीजे आणि तिकडं १९५६ पासूनचा आपला काळा दिवस (बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटकात घातलं म्हणून मराठी माणसं पाळतात तो), कुणीतरी जुना व्हिडिओ टाकला आणि रात्री अकरापर्यंत दोन शेजारी एकमेकांचा बाप काढून मोकळे. सकाळी नळावर दोघं तोंड फिरवून उभे. नियम भांडणाच्या आधीच लिहा, नंतर लिहिलेला नियम कुणासाठी आहे ते अख्ख्या गल्लीला कळतं.

आधी ग्रुप कशासाठी ते एका ओळीत लिहा. मग चार-पाचच नियम. ‘सभ्य भाषा वापरावी’ असलं काही नको, शिव्या देणारालाही आपण सभ्यच वाटतो. सरळ लिहा: जात, भाषा, घरची बाई काढायची नाही, फॉरवर्ड कुठला आणि कधीचा ते सांगता येत नसेल तर टाकायचा नाही. मराठी-कन्नड दोन्हीत लिहा, आणि कन्नड शेजाऱ्याकडून वाचून घ्या (आमचं मोबाईलनं केलेलं भाषांतर सरकारी नोटिशीसारखं झालेलं). नियम डिस्क्रिप्शनमध्येच ठेवा, पिन केलेला मेसेज फार तर ३० दिवस टिकतो.

ॲडमिन तिघं करा, एक कन्नड घरातला, आणि तिघं एकाच भावकीतले नकोत.

आता खरी कटकट, नियम पाळून घ्यायची. मेसेजचा स्क्रीनशॉट घ्या, मग दाबून धरून सगळ्यांसाठी डिलीट करा, ॲडमिनला दुसऱ्याचाही करता येतो. लगेच त्या माणसाला फोन लावा, ग्रुपवर सुनावू नका, चारचौघांत कोण माघार घेतंय? आमचा पहिला फोन सगळ्यात जास्त वर्गणी देणाऱ्या काकांना.

“माझा मेसेज काढलास व्हय रे? तुझ्या बारशाला जेवलोय मी!”

“म्हणूनच आधी तुमचा काढला की काका, आता दुसऱ्याचा काढला तर कोण बोलणार नाही.”

महिनाभर बोलले नाहीत, पण वर्गणी दिली.

दुसऱ्यांदा झालं तर पंधरा दिवस बाहेर, परत कधी घेणार ती तारीख सांगून, आणि तेवढे दिवस वर्गणीचे, पाण्याचे निरोप त्याला वेगळे पाठवा. तक्रार असेल तर ज्यानं काढलं तो सोडून बाकीचे दोघं ठरवतील. मारायची धमकी आली तर मात्र फोन-बिन नाही, थेट बाहेर आणि स्क्रीनशॉट घेऊन पोलिसांत. दुसऱ्यानं टाकलेल्या पोस्टसाठी निव्वळ ॲडमिन म्हणून कुणी दोषी ठरत नाही असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ च्या एका निकालात म्हटलंय, पण आपण पडलो कर्नाटकात, तेव्हा उगाच बघत बसू नका.

आणि ३१ ऑक्टोबरच्या रात्री सेटिंगमध्ये जाऊन फक्त ॲडमिननाच मेसेज टाकता येईल असं करा, चार दिवस आधी सगळ्यांना सांगून. २ तारखेला लॉक काढायचा अलार्म लावा. आम्ही गेल्या साली विसरलो, ५ तारखेला काकांचाच फोन, ग्रुप मेला की काय रे?