युरिया चोंढ्यात राहू दे, व्हाळात नको

पुनर्वसूचा पाऊस लागला की भाताच्या लावणीची घाई होते. तरवा (वाफ्यातली रोपं) काढायचा, चिखलणी करायची, चूड (रोपांचे झुबके) लावायचे, आणि चार दिवसांनी टोपलीतून युरिया फेकायचा. त्याच रात्री पाऊस कोसळला, चोंढ्याच्या, म्हणजे सखल भातखाचराच्या, बांधावरून पाणी गेलं, की गोणीतला बराचसा पैसा व्हाळातून (ओढ्यातून) थेट खाडीत. यंदा लावणीच्याच दिवशी याचा बंदोबस्त करा.

भातशेतीत युरियातून फेकून दिलेल्या नत्रापैकी (नायट्रोजनपैकी) साधारण एक तृतीयांशच पिकाला लागू पडतं, असं संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. युरिया पाण्यात लगेच विरघळतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. जो उरतो त्याचा दोन-चार दिवसांत अमोनिया होऊन काही भाग हवेत उडतो. चिखलाच्या वरच्या पातळ थरात त्याचं नायट्रेट होतं. ते खाली, जिथे हवा नाही तिथे उतरलं की त्याचा वायू होतो. त्यातला नायट्रस ऑक्साइड पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट जोरकस आहे.

खाडीत गेलेलं नत्र शेवाळ पोसतं. शेवाळ मरून कुजतं तेव्हा पाण्यातला प्राणवायू संपतो. मासे पोहून दूर जाऊ शकतात, पण तिसऱ्या आणि कालवं हे शिंपले जागचे हलत नाहीत. त्यांच्यावर पोट असलेल्या बायका आपल्याच गावच्या आहेत, म्हणून हे मला मनापासून सांगावंसं वाटतं.

उपाय आपल्याच कोकणात रुळलेला आहे: युरिया-डीएपीच्या (डीएपी म्हणजे नत्र आणि स्फुरद देणारं खत) गोळ्या, म्हणजे ब्रिकेट. लावणी दोरीवर करा, ओळी आणि चूड दोन्ही आळीपाळीने 15 आणि 25 सेंटिमीटरवर. मग 15 सेंटिमीटरच्या चौकोनात, चार चुडांच्या मधोमध, 2.7 ग्रॅमची एक गोळी 7 ते 10 सेंटिमीटर खोल खुपसायची. गुंठ्याला 625 गोळ्या, म्हणजे पावणेदोन किलोच्या आत. खोल चिखलात हवा नसते, त्यामुळे नत्र अमोनियम रूपातच राहतं, मातीच्या कणांना धरून बसतं आणि मुळं त्याच्याकडे येतात. युरिया वरून पुन्हा द्यावा लागत नाही.

यात चुकतं ते एकाच ठिकाणी. गोळी लावणीच्या दिवशीच द्या, फार तर दुसऱ्या दिवशी. चिखल बसला की बोट आत जात नाही, मग गोळी वरच राहते आणि सगळी मेहनत फुकट. बोटाचं भोक चिखलाने बुजवा. चालताना त्या चौकोनात पाय पडू देऊ नका. मजुरी वाढते हे खरं, पण कुणी एकाने मागून गोळ्या खुपसत जायचं ठरवलं तर लावणी अडत नाही.

गोळ्या मिळाल्या नाहीत तर युरिया तीन हप्त्यांत द्या: लावणीच्या वेळी, फुटवे येताना आणि लोंबी पोटात धरताना. आधी पाणी काढा, खत चिखलात मिसळा, बांधाचं तोंड एक दिवस बंद ठेवा, मग पाणी घ्या. हवामान खात्याचा जोरदार पावसाचा इशारा असेल तर त्या दिवशी गोणी उघडूच नका. 2015 पासून युरिया नीमलेपित मिळतो. त्याने नायट्रेट होणं मंदावतं, वाहून जाणं थांबत नाही. चिखलणीच्या आठवडाभर आधी गुंठ्याला 30 किलो गिरिपुष्पाचा पाला टाकला तर युरिया आणखी कमी लागतो. कुंपणाला गिरिपुष्प लावलं असेल तर तो घरचाच.

मळ्याला लागून पिण्याची विहीर असेल तर पाण्यातलं नायट्रेट तपासून घ्या. मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. विहिरीतल्या नायट्रेटमुळे वरच्या दुधावरची तान्ही बाळं निळी पडतात, हे 1945 साली अमेरिकेत आयोवाचे डॉक्टर हंटर कॉम्ली यांनी दाखवून दिलं. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट दाट होतं. घरात तान्हं बाळ असेल तर अहवाल हाती येईपर्यंत त्याचं दूध नायट्रेट मर्यादेत असल्याची खात्री असलेल्या दुसऱ्या पाण्यात कालवा.